इतिहासाचा हप्ता

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलीने 'मी कॉलेजात इतिहास घेणार' असं जाहीर केलं, की 'कुठल्या काळाचा?' असं कुणी विचारत नाही. 'मग पुढे काय?' असं विचारतात. पुढे काय झालं हे सांगणं हेच खरं तर इतिहासाचं काम. पण हा विनोद त्या वेळी त्या घरात करू नये, चहा मिळत नाही.

एरवी आपण इतिहासवेडे लोक. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत कुठल्याही मराठी घरात जा. दिवाणखान्यात राजमुद्रा असते आणि गॅरेजमध्ये मंडळाच्या शिवजयंतीचे भाले, ढाली आणि पुठ्ठ्याचा रायगड असतो. गाडी बाहेर असते, एडिसनला तर बर्फात. कार्यक्रम संपला, डबे भरून झाले, की पुरुषमंडळी पार्किंग लॉटमध्ये उभ्याउभ्या पानिपत पुन्हा लढतात. सदाशिवरावभाऊंनी यात्रेकरू आणि बायकामुलं बरोबर न्यायला नको होती, यावर डेटाबेसवाल्यांचं आणि क्लाउडवाल्यांचं एकमत होतं. सूरजमल जाटावर मात्र फाटतं. एवढ्या थंडीत एवढा वेळ हे लोक स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांवरही बोलत नाहीत. पण पोटची मुलगी हाच वाद चार वर्षं, पुस्तकं वाचून आणि परीक्षा देऊन घालणार म्हटल्यावर याच लोकांचा रक्तदाब वाढतो. इतिहासाचा अभिमान बाळगावा. त्याची फी भरायची वेळ येऊ नये, अशी आपली साधारण भूमिका.

यावर पहिला तोडगा आईला सुचतो. ती पुण्याला फोनवर सांगते, "हिस्टरी घेतेय, पण प्री-लॉ आहे हं." पलीकडून आजी म्हणते, "वकील होणार म्हणजे! छान, छान." वास्तविक लॉ स्कूलला कुठल्याही विषयाची पदवी चालते, इतिहासाची चालते तशी संगीताचीही चालते. तेव्हा प्री-लॉ हा बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमच नाही, नातेवाइकांच्या देशात शिरायचा व्हिसा आहे. आणि वकिली खरोखरच करायची ठरली, तर पुढे आणखी तीन वर्षं आणि आणखी एक कर्ज. एका कर्जावर पांघरूण म्हणून दुसरं कर्ज घालायचं, हे आजीला कुणी सांगत नाही.

बाप मात्र इंजिनिअर. तो फोन करत नाही, एक्सेल उघडतो. स्वतः तो राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज काढून दोन सुटकेसी घेऊन आला, तेव्हा त्याने डॉलर गुणिले रुपये एवढा एकच हिशेब केला होता. त्या गुणाकाराने सगळे भागाकार झाकले गेले. मुलीच्या नशिबी ही सोय नाही. ती डॉलरमध्येच शिकणार, डॉलरमध्येच कमावणार आणि डॉलरमध्येच फेडणार.

पहिला रकाना कर्जाचा. सरकार पदवीच्या विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर देतं, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं साडेसात-साडेसात हजार. चार वर्षांचे झाले २७,०००. २०२५-२६ सालचा दर ६.३९ टक्के. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ३०५ डॉलर. बाप इथपर्यंत शांत असतो. एवढा हप्ता तो गाडीला देतो.

दुसरा रकाना कमाईचा. त्यासाठी ओबामांच्या काळात, २०१५ साली, सरकारने 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाची सोय करून दिली. कॉलेज टाकायचं, विषय टाकायचा, की तिथून बाहेर पडलेल्यांचं कर्ज किती आणि पगार किती हे समोर येतं. पगार मध्यकाने सांगतात, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधला माणूस किती मिळवतो ते. हा मध्यक फार निष्ठुर असतो. त्या वर्गातला एखादा पुढे देशाचा सरन्यायाधीश होऊन वर्षाला तीन लाखांवर डॉलर घेऊ लागला तरी मध्यक ढिम्म हलत नाही. आणि एखादा आईबापांच्या बेसमेंटमध्ये राहून कादंबरी लिहीत बसला तरीही हलत नाही. प्रत्येक बापाला वाटतं आपली मुलगी पहिल्यासारखी निघेल, आणि रात्री दोन वाजता वाटतं दुसऱ्यासारखी.

मधल्या माणसाचं म्हणाल तर इतिहास घेतलेला पदवीधर सुरुवातीला चाळीस-पन्नास हजार मिळवतो आणि पंधरा-वीस वर्षांनी सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या आसपास जातो. कॉम्प्युटर सायन्सवाला सुरुवातच ऐंशी हजारांच्या घरात करतो. 'हिस्टॉरियन' अशी अधिकृत हुद्द्याची नोकरी तर सरकारी मोजणीत देशभरात तीन-साडेतीन हजारांच्या आसपासच. त्या मानाने दर बृहन्महाराष्ट्र मंडळ अधिवेशनात इतिहासावर अधिकारवाणीने बोलणारे जास्त असतात, तेही बिनपगारी. हे सगळं तरुण पोरांनाही कळतं. २००८ साली अमेरिकेत इतिहासाच्या सुमारे ३४ हजार पदव्या दिल्या गेल्या होत्या, २०१७ साली सुमारे २४ हजार. मंदी आली आणि पोरं विषय बदलून मोकळी झाली.

इथे बाप लॅपटॉप मिटून 'मी म्हणत नव्हतो?' अशा चेहऱ्याने बघतो. पण त्याने आणखी एक आकडा बघायला हवा होता. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ साली ताज्या पदवीधरांच्या बेकारीचं जे कोष्टक दिलं, त्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे साडेसात टक्के बेकार, कॉम्प्युटर सायन्सचे ६.१ टक्के, आणि कलेच्या इतिहासाचे फक्त ३. हा कागद मी एका पॉटलकला नेला होता. ज्या काकांनी मुलीला 'कोडिंग शीक, आयुष्याचं कल्याण होईल' असं मार्चमध्ये सांगितलं होतं, ते स्वतः एप्रिलपासून घरी होते. त्यांनी कागद वाचला, श्रीखंड वाढून घेतलं आणि म्हणाले, "हे टेम्पररी आहे." पानिपतानंतरही पुण्यात काही लोकांनी असंच म्हटलं असणार.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बेकार नसणं आणि पदवीच्या लायकीचं काम असणं, हे वेगळं. इतिहासाचे निम्म्याच्या जवळपास ताजे पदवीधर अशा नोकरीत असतात जिथे पदवी लागतच नाही. कॉफी उत्तम करतात, ग्राहकाने 'ऑटोमन' म्हटलं की साम्राज्याबद्दल बोलू लागतात, आणि ग्राहकाला पाय ठेवायचं स्टूल हवं असतं.

आता मुख्य गंमत. हे कर्ज देतं कोण, माफ कोण करतं आणि माफी अडवतं कोण, याचा शोध मी घेतला, तेव्हा हा सगळा मामला इतिहासवाल्यांनी आपापसांत ठेवलेला दिसला.

विद्यार्थ्यांना सरकारी कर्जाची दारं सताड उघडणारा उच्च शिक्षण कायदा ८ नोव्हेंबर १९६५ रोजी झाला. सही केली लिंडन जॉन्सन यांनी, टेक्ससमधल्या सॅन मार्कस गावी, आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन. या कॉलेजात ते ७५ डॉलर उसने घेऊन आले होते आणि १९३० साली पदवी घेऊन बाहेर पडले. विषय इतिहास. पुढे २००७ साली, दहा वर्षं सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ, अशी सवलत कायद्यात आली. सही जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची, पदवी येल विद्यापीठाची, १९६८. विषय इतिहास. २०२२ साली बायडेन यांनी एकेका कर्जदाराचे दहा ते वीस हजार डॉलर माफ करायचं ठरवलं. हे डेलावेअर विद्यापीठाचे, १९६५ सालचे पदवीधर. विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो पुन्हा बुश यांच्याच सहीच्या २००३ सालच्या एका कायद्याचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जून २०२३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी माफी रद्द झाली. सुमारे ४३० अब्ज डॉलरचा मामला. निकाल लिहिला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी: हार्वर्ड, १९७६, विषय इतिहास. विरोधी मत लिहिलं एलेना केगन यांनी: प्रिन्स्टन, १९८१, विषय इतिहास. त्यांना साथ देणाऱ्या दोघींपैकी एक सोनिया सोतोमायोर: प्रिन्स्टन, १९७६. विषय सांगायला नको.

कर्ज देणारा इतिहासवाला, माफ करणारा इतिहासवाला, माफी रद्द करणारा इतिहासवाला, आणि रद्द करू नका म्हणणाऱ्या तिघींपैकी दोघी त्याच वर्गातल्या. महाराष्ट्राला कर्जमाफी नवी नाही. २०१७ सालची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने झाली, २०१९ सालची महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाने. आपल्याकडे कर्जमाफीला इतिहासातली नावं लागतात, अमेरिकेत इतिहासाचे पदवीधर लागतात. आणि तरीही ती होत नाही.

यात राज्यशास्त्राचे पदवीधर ओबामा मधेच एकदा सापडले होते. जानेवारी २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात बोलताना ते म्हणून गेले, की कलेच्या इतिहासाच्या पदवीपेक्षा हातातल्या कसबाने जास्त पैसे मिळू शकतात. कला-इतिहासाच्या एका प्राध्यापिकेने निषेध कळवला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी स्वहस्ते पत्र लिहून तिची क्षमा मागितली. म्हणजे इतिहासाला माफी मिळाली, कर्जमाफी तेवढी राहिली.

शेवटी ४ जुलै २०२५ रोजी अर्थशास्त्राच्या पदवीधराची सही झाली. ट्रम्प व्हार्टनचे. त्यांच्या कायद्याने तराजूच आणून ठेवला: एखाद्या अभ्यासक्रमाचे पदवीधर नुसत्या बारावी झालेल्यांपेक्षा कमी कमवत असतील, आणि तीनांतल्या दोन वर्षी हेच दिसलं, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद. चाळीस-पन्नास हजारांवर इतिहास या परीक्षेत बहुतेक ठिकाणी निभावून जाईल असं मला दिसतं. बारावीवाल्याला हरवलं, एवढंच प्रगतिपुस्तकावर येईल.

त्याच कायद्याने परतफेडीची नवी योजना आणली. १ जुलै २०२६ पासून कर्ज काढणाऱ्याने ठरावीक हप्ता नको म्हटलं तर उत्पन्नाच्या प्रमाणात भरायचं. प्रमाण उत्पन्नाबरोबर चढत जातं आणि दहा टक्क्यांवर थांबतं. मराठ्यांचा इतिहास वाचलेल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. चौथाई पंचवीस टक्के, आणि तिच्यावर सरदेशमुखी दहा टक्के. वॉशिंग्टनने अजून चौथाई मागितलेली नाही, एवढे उपकार. मुदतही ऐका: तीस वर्षं भरल्यावर उरलेलं माफ. औरंगजेब १६८१ साली दख्खनच्या मोहिमेवर निघाला तो १७०७ साली अहमदनगरजवळ संपला. त्यालासुद्धा तीस वर्षं लागली नाहीत.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने हाच धागा पकडून बापाला निरुत्तर करायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "बाबा, तुमचा तो पहिला बाजीराव. त्याच्यावर लाखो रुपयांचं कर्ज होतं. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्याने सावकारांच्या तगाद्याबद्दल पत्रं लिहिली आहेत. तरी तुम्ही त्याचा फोटो लावलाच ना?" बाप काही क्षण गप्प. मुलगी खूश. मग बाप म्हणाला, "त्याच्याकडे माळवा होता. तुझ्याकडे काय आहे?" मुलीने पुढचं पुस्तक उघडलं. असा वाद घालता येणारी मुलगी इतिहासाला नको असेल तर कुणाला हवी, असं मला वाटलं. पण हप्ता मला भरायचा नव्हता.

आपल्या या धास्तीचं मूळ मला इतिहासाचार्य राजवाड्यांपाशी सापडतं. इतिहासकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ते येतात: गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळणारे, माळ्यावरचे कागद वाण्याच्या पुडीत जाण्याआधी वाचवणारे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे बावीस झाले. त्यातून मिळकत काय झाली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सरदेसायांनी सयाजीरावांच्या पदरी बडोद्याला चाकरी केली आणि रियासती लिहिल्या. हा मार्ग आपल्या मनाला जास्त पटतो. आधी नोकरी, मग रियासत. एडिसनचा बाप मुलीला हेच सांगत असतो, फक्त सयाजीरावांच्या जागी एखादी सॉफ्टवेअर कंपनी घालतो. 'मायनर' म्हणून इतिहास घे, असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात सरदेसाई असतात, हे त्यालाही माहीत नसतं.

बडोद्यावरून आठवलं. मराठी माणसाने अमेरिकेत इतिहास शिकल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच संस्थानाच्या पैशांवर उभं आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण घेतलेल्या अभ्यासक्रमांत अकरा इतिहासाचे होते. करार असा, की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची. बुश यांच्या कायद्यातलीही दहाच वर्षं, तीही सार्वजनिक सेवेचीच. १९१७ साली आंबेडकर ठरल्याप्रमाणे बडोद्याला रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना राहायला कुणी खोली देईना, म्हणून त्यांना परतावं लागलं. करार मोडला तो बडोद्याच्या घरमालकांनी. त्या साडेअकरा पौंडांची वसुली कुठल्या स्कोअरकार्डात दाखवायची ते ज्याचं त्याने ठरवावं. इतकंच सांगतो, की त्या शिष्यवृत्तीतून उभ्या राहिलेल्या चळवळीवर एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाईंनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ साली प्रबंध दिला आणि पुढे मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. महाराष्ट्राच्या इतिहासावर मिनेसोटाच्या थंडीत घर चालू शकतं. फक्त ते मराठी माणसाच्या मुलीने चालवू नये असं आपल्याला वाटतं.

मी हा हिशेब दोन्ही बाजूंनी करून पाहिला आणि माझ्या मते आपण चुकीच्या रकान्याला घाबरतो. इतिहासाचं असं वेगळं कर्ज नसतंच. कर्ज कॉलेजच्या पत्त्याचं असतं. न्यू जर्सीच्या रहिवाशाला रटगर्ससारख्या राज्याच्या विद्यापीठात राहणं-खाणं धरून वर्षाला साधारण पस्तीस-चाळीस हजारांचा खर्च येतो. काही नामांकित खाजगी कॉलेजांत तो नव्वद हजारांच्या वर गेला आहे. इतिहास तोच, पानिपतही तेच, तिथेही मराठे हरतातच. जाणकारांचा एक ठोकताळा आहे, की एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावं. २७ हजारांच्या कर्जाने इतिहासवाली मुलगी त्यात आरामात बसते. कर्ज एक लाखावर गेलं, की कॉम्प्युटरवाला मुलगाही बसत नाही. पण त्याला कुणी 'मग पुढे काय?' विचारत नाही.

प्रिन्स्टनने तर अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना शिकवणीचं शुल्क माफ केलं आहे, आणि तिथे मदत मिळते ती कर्जाच्या रूपाने मिळत नाही. तिथे इतिहास घेणं हा फार स्वस्त सौदा. अट एकच, आधी प्रवेश मिळवायचा. इतर खाजगी कॉलेजांत दोन पगारांचं मराठी घर पुरतं कोंडीत सापडतं: मदत मागायला उत्पन्न जास्त, फी भरायला कमी. मग एक मार्ग उरतो, दोन वर्षं काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात काढून पुढची दोन राज्याच्या विद्यापीठात. खर्च खूप उतरतो आणि पदवीवर नाव शेवटच्या विद्यापीठाचंच येतं. पण 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द आपल्या मंडळांत अजून दार लावून उच्चारले जातात. मुलीने इतिहास घेतला हे एकवेळ सांगता येतं, कारण प्री-लॉ आहे. कम्युनिटी कॉलेजवर पांघरूण घालायला अजून काही निघालेलं नाही.

तेव्हा पालकहो, मुलीशी विषयावरून भांडू नका. भांडायचं असेल तर कॉलेजच्या यादीवरून भांडा, आणि भांडण संपायच्या आत 'पॅरेंट प्लस' नावाच्या कागदावर सही करू नका. त्या कर्जाचा २०२५-२६ सालचा दर ८.९४ टक्के आणि हातात पैसे पडायच्या आधीच चार टक्क्यांवर रक्कम शुल्क म्हणून कापली जाते. नव्या कायद्याने त्याला एका मुलामागे ६५,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. तेवढं काढलं तर दहा वर्षं महिन्याला साधारण ८२० डॉलर. हे कर्ज पालकाच्या नावावर असतं आणि ते मुलांच्या नावावर करून देता येत नाही. मुलगी इतिहासकार झाली, वकील झाली किंवा कोडिंगच करू लागली, तरी हा हप्ता तुमच्याच खात्यातून जाणार.